लाल गाडीचं हरवलेलं इंजिन

"नईम, हात काढ! तुझ्या बोटांचे ठसे उमटतायत!" रोहित ओरडला आणि स्वतःच्या शर्टाच्या टोकानं गाडीचं बॉनेट पुसू लागला. त्या टोकावर सकाळच्या आमरसाचा भलामोठा डाग होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"रोहित, थांब!" आरोहीनं त्याचा दंड धरून मागे ओढलं. "दोन वर्षं चाचांनी जो रंग घासला, त्यावर तू रस फासणार का?"

नईम नुसता हसला आणि फडक्यानं डाग टिपून घेतला. नईम फार बोलायचा नाही. चौदा वर्षांचा होता, पण मशीनवर वाकला की चाळीस वर्षांचा वाटायचा.

आरोही नाशिकहून मे महिन्याच्या सुट्टीत रविराजकाकांकडे, पिंपळगाव बसवंतला आली होती. रोहित काकांचा मुलगा, वय वर्षं अकरा. नईम हायवेलगतच्या गॅरेजवाल्या अकबरचाचांचा नातू. या तिघांची सुट्टी गेली दोन वर्षं एकाच गाडीभोवती फिरत होती. गाडी आरोहीच्या आजोबांची, म्हणजे पुंजारामआजोबांची. इंग्लंडमध्ये १९५८ साली बनलेली, लाल, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार! तिच्या दारांना बाहेरून मूठच नव्हती. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडायचं. आजोबा गेल्यावर ती द्राक्षांच्या शेडमध्ये क्रेटांच्या मागे वीस वर्षं पडून होती. उंदरांनी तिच्या सीटमध्ये संसार थाटला होता. मग काकांच्या मनानं घेतलं, गाडी होती तशी करायची. स्क्रू बदलायचा तर तोही त्याच मापाचा. हे काम तालुक्यात फक्त अकबरचाचाच करू शकत होते, आणि त्यांनी ते केलं.

आज नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे परीक्षक येणार होते. त्यांनी 'मूळ स्थितीत' असा दाखला दिला की गाडी जानेवारीच्या मोठ्या प्रदर्शनात उभी राहणार होती. काकांनी निम्मं पिंपळगाव गोळा केलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसंच झालं होतं. गॅरेजच्या अंगणात टेम्पोवाले, काकांच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचे लोक, शेजारचा टायरवाला, सगळे मिळून पंधरा-वीस माणसं होती. अकबरचाचा मात्र इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून एका कोपऱ्यात उभे होते.

परीक्षक देशमाने साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी चाकांच्या तारा मोजल्या, दाराची दोरी ओढली, मान डोलावली. "सुंदर काम आहे," असं दोनदा म्हणाले. मग बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, आणि त्यांची मान डोलायची थांबली.

"रविराजजी, या गाडीला मुळात दोन कार्बोरेटर असतात. इथे एकच आहे." त्यांनी हातातल्या आरसी बुकाशी इंजिनावरचा नंबर ताडून पाहिला. "नंबरही जुळत नाही. हे अँबॅसिडरचं इंजिन आहे. दोन्ही एकाच घराण्यातली, म्हणून बसतं. पण हे मूळ इंजिन नव्हे."

काकांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"चाचा, माझ्या वडिलांच्या गाडीचं इंजिन कुठे आहे?"

"साहेब, पहिल्याच दिवशी फोन केला होता तुम्हाला," चाचा हळू आवाजात म्हणाले. "बोललो होतो, ह्यात अँबॅसिडरचं इंजिन बसवलंय, मूळचं घरात कुठं असेल तर बघा. तुम्ही म्हणालात, हां हां, आहे तेच करून घ्या."

"मी? असं काही बोलल्याचं मला आठवत नाही! दोन वर्षं गाडी तुमच्या ताब्यात आहे. असल्या इंजिनाला मुंबईत लोक काय वाटेल ते द्यायला तयार असतात! स्पष्ट सांगा, कुठे विकलंत?"

फोनवर काका कसे बोलतात, हे आरोहीला पक्कं ठाऊक होतं. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला द्राक्षांचा व्यापारी, डोळे वजनकाट्यावर आणि तोंडात 'हां हां'! पण पंधरा-वीस माणसांसमोर काकांना तसं सांगायची तिची छाती झाली नाही. ती गप्प राहिली, आणि त्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

चाचांनी वाद घातला नाही. लोक पांगेपर्यंत थांबले. मग गॅरेजचं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली नईमच्या हातात दिली. "चव्वेचाळीस वर्षं ह्या रस्त्यावर बसलोय, बेटा. माझा शब्द पुरत नसेल तर पाना धरून काय करू?" एवढंच म्हणून ते घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. हायवेवरचे टेम्पोवाले शटर बघून पुढे जायचे. जाता जाता कुणीतरी म्हणायचंच, "म्हाताऱ्यानं इंजिन गिळलं म्हणे!" नईमनं ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तो शेडमागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला. आरोही आणि रोहितला तो तिथेच सापडला.

"अब्बाजान जेवत नाहीत," तो म्हणाला. अब्बाजान म्हणजे चाचाच. "अम्मी म्हणते, दुकान विकून मालेगावला मामूंकडे जाऊ."

"कर नाही त्याला डर कशाला?" रोहित तावातावानं म्हणाला.

"डर नाहीये रे. त्यांना शरम वाटतेय. न केलेल्या गोष्टीची."

आरोही त्याच्याजवळ बसली. "नईम, चाचा काढलेली एकही वस्तू फेकत नाहीत ना?"

"नाही. सगळं डब्यात ठेवतात. डब्यावर चिठ्ठी लावून."

"मग त्या इंजिनातून काढलेल्या वस्तूही असतील. चल, बघू या! ते इंजिन आत कधी गेलं, हे कशावरून तरी कळेलच."

गॅरेजच्या फळीवर बिस्किटांचे एकतीस पत्र्याचे डबे होते. एकोणिसाव्या डब्यावर चाचांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिन, जुनी पॅकिंग.' इंजिनाचे दोन लोखंडी भाग जोडताना मधून तेल गळू नये म्हणून जे कागदाचं अस्तर घालतात, ते पॅकिंग. खेड्यापाड्यात तयार पॅकिंग मिळालं नाही की मिस्त्री हाताशी येईल तो जाड कागद कापून बसवतात. लग्नपत्रिकासुद्धा चालते! नईमनं एक लांबट, तेलानं पिवळं पडलेलं पॅकिंग अलगद बाहेर काढलं.

"हे छापील आहे," तो एकदम म्हणाला. "कॅलेंडरची दोन-तीन पानं एकावर एक चिकटवलीत!"

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. चिकटलेली पानं कडेला थोडी सुटली होती. आरोहीनं नखानं ती हलकेच उलगडली. आत चौकोन होते, तारखा होत्या, आणि वर अर्धवट कापलेलं नाव होतं, 'मे १९७३'.

"एकोणीसशे त्र्याहत्तर!" रोहित नाचू लागला. "तेव्हा चाचा पिंपळगावात नव्हतेच! सुटलो!"

"थांब," आरोही म्हणाली. "काका म्हणतील, हे जुनं इंजिन चाचांनी दुसरीकडून आणलं, त्यातलं पॅकिंग जुनं असणारच. एवढ्यानं भागणार नाही." तिनं पान उजेडात धरलं. एका तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. ते अक्षर तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिच्या बाबांकडे आजोबांची पत्रं होती. आजोबा आधी सगळी ओळ लिहीत आणि मग एकच लांबलचक रेघ वरून ओढत.

"हे आजोबांचं अक्षर आहे! म्हणजे हे पॅकिंग त्यांच्याच घरातल्या कॅलेंडरचं! 'खडकवण. रॉकेल दोन डबे.'"

"रॉकेल? दिव्याला?" रोहितनं विचारलं.

"महिन्याला दोन डबे दिव्याला?" नईम उभा राहिला. त्याचे डोळे तीन दिवसांत पहिल्यांदा चमकले. "जुनी पेट्रोल इंजिनं तापली की लोक ती रॉकेलवर चालवायचे. स्वस्त पडायचं म्हणून. विहिरीवरच्या पंपाला लावून!"

स्पोर्ट्स कारचं इंजिन विहिरीवर?

रोहितच्या आईला, अंजलीकाकूला विचारल्यावर अर्धा उलगडा तिथेच झाला. "खडकवण? अगं, तिकडे तर तुझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला दिलं होतं. कळवणच्या पुढे आहे. त्या जाऊनही पंचवीस वर्षं झाली, आता जाणं-येणं राहिलं नाही." काकूला तीन दिवस काकांशी नीट बोलता आलं नव्हतं. तिनं मुलांकडे एकदा निरखून पाहिलं. "कळवणला माझा भाऊ आहे, योगेशमामा. त्याला फोन करते, तो तुम्हाला घेऊन जाईल. चाचांच्या घरची चूल आपल्यामुळे थंड आहे, मला अन्न गोड लागत नाही."

आरोहीनं आरसी बुकाचा फोटो मोबाइलवर काढून घेतला. सकाळी सातच्या एसटीनं तिघं निघाली. वणी मागे पडलं, सप्तशृंगीचा डोंगर खिडकीत आला आणि गेला. रोहितनं काकूनं दिलेला डबा कळवण यायच्या आतच संपवला.

योगेशमामांच्या जीपनं ती खडकवणला पोहोचली तेव्हा गावाबाहेरच्या विहिरीपाशी एक टेम्पो उभा होता. पडक्या पंपघराचं दार सताड उघडं होतं. दोन माणसं गंजलेले पाइप टेम्पोत फेकत होती आणि एक म्हातारी त्यांच्यापुढे काठी रोवून उभी होती.

"हात लावू नका म्हनलं ना! सारा पंप घेऊन जा, पन यंत्राला हात लावू नका!"

"आजी, ग्रामपंचायतीनं सगळं भंगार काढायला सांगितलंय," टेम्पोवाला वैतागून म्हणाला. "तुमच्या यंत्राचं काय लोणचं घालायचं? चाळीस वर्षं बंद आहे ते!"

नईम केव्हाच आत शिरला होता. त्याची हाक ऐकू आली. "आरोही! दोन कार्बोरेटर!"

अंधाऱ्या पंपघरात, दगडी ओट्यावर ते इंजिन बसलं होतं. त्याच्या बाजूला लोहारानं ठोकलेली एक लोखंडी पट्टी होती आणि तिच्यावर पट्ट्याचं चाक होतं. कडेला नंबराची चकती असायला हवी होती. पण तिथे कुंकवाचा आणि तेलाचा बोटभर जाड थर होता. पन्नास दसऱ्यांची पूजा एकावर एक बसली होती.

नईमचा हात पुढे गेला आणि थबकला. त्यानं म्हातारीकडे पाहिलं. "आजी, पूजेचं आहे. मी पुसू का?"

म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिचं नाव बयाबाई. "नाव काय रं तुझं?"

"नईम. माझे आजोबा गाड्या दुरुस्त करतात."

"मंग तूच पूस. यंत्र तुमच्याच हाताला कळतं. देव काय रागवायचा नाय."

नईमनं जीपमधून रॉकेलचा बोळा आणून फिरवला. कुंकू ओघळलं, त्याखालून तेल, आणि तेलाखालून चकती बाहेर आली. इतक्या वर्षांत तिला गंजाचा ठिपकाही लागला नव्हता. आरोहीनं मोबाइल समोर धरला आणि एकेक अंक मोठ्यानं वाचला. शेवटचे चार अंक होते चार-सात-एक-तीन. नईमनं चकतीवर बोट ठेवून तेच अंक वाचले. चार, सात, एक, तीन!

"जुळला!" रोहितच्या आरोळीनं पंपघरातली कबुतरं उडाली.

"जुळला तर जुळला, बाजूला व्हा आता," टेम्पोवाला आत येऊन म्हणाला. "भंगार ते भंगार."

त्या दिवशी अंगणात आपण गप्प राहिलो होतो, ते आरोहीला आठवलं. ती इंजिनापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, हा फोटो बघा. हे सरकारी आरसी बुक आहे. या नंबराचं इंजिन आमच्या गाडीच्या नावावर आहे. पंचायतीनं तुम्हाला पाइप विकायला सांगितले असतील, पण गाडीचं इंजिन विकायचा कागद तुमच्याकडे आहे का? उद्या पोलिसांनी विचारलं तर तुमचं नाव सांगू का पंचायतीचं?"

टेम्पोवाल्यानं फोटो पाहिला, चकती पाहिली. जीपमधून उतरून योगेशमामाही हात बांधून दारात उभे राहिले होते. "मला लफडं नको बाबा," तो पुटपुटला. पाच मिनिटांत टेम्पो पाइप घेऊन निघून गेला.

बयाबाई ओट्यावर टेकली. मग तिनं सांगितलं ते मुलांनी श्वास रोखून ऐकलं.

"बहात्तरच्या दुस्काळात माझी लेकरं ल्हान व्हती. ही विहीर लय खोल. पानी तळाला, पार काळोखात. दोर पुरायचा नाय. तीन कोसांवरनं हंडे आनायचो. तुझ्या आजाची भैन माझी शेजारीन. भाऊबीजेला भाऊ आला, वटीत साडी घातली. तिनं साडी परत केली. म्हनली, भाऊ, ओवाळनी घालायचीच तर पानी घाल. लेकरं तानेनं रडत्यात." बयाबाईनं यंत्रावर हात ठेवला. "तो काय बोलला नाय. आठ दिसांनी बैलगाडीत ह्ये यंत्र घालून आला. स्वतःच्या मोटारीतनं काढून आनलेलं. वर्सभर साऱ्या गावानं पानी पेलं, गुरांनी पेलं. माझी दोन लेकरं त्या साली जगली ती ह्याच्यावर."

"मग नंतर परत का नाही नेलं?" रोहितनं विचारलं.

"ओवाळनी कुनी परत नेतं का रं? आन भैनीला काय दिलं त्ये चारचौघांत सांगतंबी नाय कुनी."

आरोहीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आजोबांनी पुढे कुठूनतरी अँबॅसिडरचं इंजिन आणून गाडी चालती केली, कॅलेंडर कापून पॅकिंग घातलं, आणि मरेपर्यंत घरात कुणालाही एक शब्द सांगितला नाही. त्यांच्या त्या मोठेपणापायी पन्नास वर्षांनी एका भल्या माणसावर चोरीचा आळ आला होता.

तिनं तिथूनच काकांना फोन लावला. "काका, आधी हातातलं काम बाजूला ठेवा. वजनकाट्याकडे बघू नका. आणि 'हां हां' म्हणायचं नाही. नीट ऐका."

काका दुपारी उन्हातच खडकवणला आले. चकतीवरचा नंबर त्यांनी तीनदा वाचला. बयाबाईनं सगळी हकिगत त्यांना पुन्हा सांगितली. मग ते विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ डोकं धरून बसले. मोठं माणूस असं बसलेलं आरोहीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"न्या ह्याला," बयाबाई म्हणाली. "मानसं मरून गेली, इज आली, ह्याचं काम सरलं. भंगारात जान्यापरीस माहेरी जाऊ द्या."

संध्याकाळी काका थेट चाचांच्या घरी गेले. मुलं मागे होतीच. चाचांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. काकांनी हात जोडले. "चाचा, मी चुकलो. फोनही तुम्ही केला होता, मीच लक्ष दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

चाचांनी हातातला कप खाली ठेवला. "साहेब, बोललात तेव्हा अंगणात वीस माणसं होती. इथं तर आपण घरचेच आहोत."

काकांनी मान खाली घातली. "रविवारी त्याच वीसजणांना बोलावतो."

आणि बोलावलं. देशमाने साहेबही नाशिकहून आले. गॅरेजच्या बाकावर ते जुनं इंजिन ठेवलं होतं. काकांनी कॅलेंडरचं पॅकिंग सगळ्यांना दाखवलं, आजोबांची गोष्ट सांगितली आणि मग आवाज चढवून म्हणाले, "या अंगणात मी अकबरचाचांना चोर म्हटलं. ते खोटं होतं. चूक माझी होती. ज्यानं ज्यानं तेव्हा ऐकलं, त्यानं आता हेही ऐकावं, आणि हायवेवर सांगावं." टायरवाल्यानं आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

देशमाने साहेबांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "तीस वर्षं मी गाड्यांचे नंबर तपासतोय. असा तपास माझ्याच्यानंही झाला नसता!" नंतर त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवलं. "पण ही लोहाराची पट्टी काढली तरी तिची भोकं राहतील. ती बुजवली नाहीत, तर दाखल्यावर 'मूळ स्थिती'चे थोडे गुण कापावे लागतील मला."

"कापा," काका म्हणाले. "ती भोकं राहू देत."

चाचांनी त्याच दिवशी शटर पूर्ण वर केलं. पावसाळाभर ते आणि नईम त्या इंजिनाशी झगडत होते. दिवाळीच्या सुट्टीत आरोही आली, तेव्हा गाडी त्याच इंजिनावर गुरगुरत उभी होती. भाऊबीजेच्या दिवशी ती खडकवणला गेली. चाचा चालवत होते, शेजारी काका बसले होते आणि मुलं मागून जीपमध्ये होती. बयाबाईनं गाडीला ओवाळलं आणि मग चाचांनाही ओवाळलं.

परत निघताना आरोहीनं विचारलं, "चाचा, हे इंजिन सापडलंच नसतं तर?"

चाचांनी बॉनेट हलकेच खाली केलं. तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. "इंजिन काय बेटा, कुठून तरी दुसरं आणलं असतं," ते म्हणाले. "नाव कुठून आणलं असतं?"